खाडी, उपसागर, आखात : नकाशात नक्की काय लिहायचं?

नकाशावेडा

नमस्कार मंडळी. मी ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून भरायचा ऑनलाइन नकाशा) कोकण किनाऱ्याची मराठी नावं भरतोय, डहाणूपासून सुरुवात करून खाली खाली येत आता रत्नागिरी जिल्ह्यात पोचलोय. रस्ते, वाड्या, देवळं यात फारसं अडत नाही, पण पाण्यापाशी आलो की घोडं अडतं, कारण तिथे नुसतं नाव देऊन भागत नाही, प्रकारही निवडावा लागतो. म्हणजे ही नदी आहे, बे (उपसागर) आहे, सामुद्रधुनी आहे, लगून आहे की नुसतं भरतीचं पाणी शिरणारं चॅनेल आहे.

आता बघा, ठाण्याची खाडी, वसईची खाडी, माहीमची खाडी, दाभोळची खाडी, सगळ्यांना आपण खाडीच म्हणतो. पण ठाण्याच्या खाडीला वरून येणारी स्वतःची मोठी नदीच नाही, वसईला उल्हास नदी समुद्राला मिळते, माहीमला मिठी नदीची खाडी वेगळी आणि बाहेर समुद्राचा जो वाकलेला भाग आहे तो वेगळा, आणि दाभोळला तर वरपर्यंत वाशिष्ठीच आहे, खाली आल्यावर नाव बदलतं एवढंच. या सगळ्यांना एकाच खणात टाकायचं का?

दुसरं म्हणजे शाळेत शिकलो होतो की उपसागर म्हणजे तीन बाजूंनी जमीन आणि आखात म्हणजे त्याहून चिंचोळं नि आत घुसलेलं. मग बंगालचा उपसागर एवढा अवाढव्य कसा, आणि मेक्सिकोच्या आखाताला आखात का म्हणायचं, ते काय चिंचोळं आहे? याची कुठे अधिकृत व्याख्या आहे का? आणि नदी कुठे संपते नि खाडी कुठे सुरू होते ही रेघ कशी ठरवायची? कोणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा, मी चुकीचं भरलं तर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि लोक तेच पुढे वापरतात.

---

भूगोल_शिकवते

चांगला प्रश्न आहे आणि दरवर्षी दहावीच्या वर्गात कोणीतरी हे विचारतंच. पहिली गोष्ट अशी की नाव आणि प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा मान्य केलं की निम्मा गोंधळ जातो. किती चौरस किलोमीटर झाले की बे आणि किती झाले की गल्फ असा जगभर चालणारा कुठलाही आकाराचा नियम नाही. बंगालचा उपसागर साधारण २१.७ लाख चौ. किमी, हडसनचा उपसागर १२ लाखांच्या वर, आणि आपल्या टीव्हीवर ज्याला नुसतं 'आखात' म्हणतात ते इराण आणि अरबस्तानामधलं पाणी जेमतेम अडीच लाख. ही नावं दर्यावर्दींनी आणि नकाशे काढणाऱ्यांनी वेगवेगळ्या शतकांत दिली, त्यांनी काही आधी एकत्र बसून व्याख्या ठरवली नव्हती. पाठ्यपुस्तकातली व्याख्या मुलांना आकार ओळखता यावा म्हणून आहे, ती तेवढ्यापुरती ठीकच आहे.

खाडीच्या बाबतीत मात्र शास्त्राकडे एक नीट कसोटी आहे. प्रिचर्ड नावाच्या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाची १९६७ सालची व्याख्या अजून सगळीकडे वापरतात. किनाऱ्यालगतचं अर्धवट बंदिस्त पाणी, समुद्राशी मोकळा संबंध असलेलं, आणि त्यात समुद्राचं पाणी जमिनीवरून आलेल्या गोड्या पाण्याने मोजता येईल इतकं पातळ झालेलं. हे तिन्ही असेल तर नदीमुखाची खाडी. ही कसोटी लावली की वसई, दाभोळ, जयगड, बाणकोट या सरळ त्यात बसतात. ठाण्याची खाडी पावसाळा सोडला तर जवळपास समुद्राचंच पाणी आत घेऊन असते, तिला वर उल्हास नदीशी जोडणारा एक अरुंद भाग आहे पण उल्हासचं बहुतेक पाणी वसईकडे जातं. त्यामुळे ती भरतीची खाडी म्हणावी, नदीमुखाची नाही.

लगूनचा तर वेगळाच प्रकार. तिथे वाळूचा पट्टा तयार होऊन पाणी मागे अडकतं आणि एखाद्या अरुंद तोंडाने समुद्राशी नातं राहतं, ओडिशाचं चिल्का हे त्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण. कोकणात वाळूचे दांडे नदीच्या तोंडाशी दिसतात पण चिल्कासारखं मोठं लगून नाही, कारण आपल्याकडे घाट जवळ, नद्या छोट्या नि वेगवान.

आणि एक लक्षात घ्या, या खाड्या मुळात नदीच्या दऱ्याच आहेत. शेवटच्या हिमयुगात, साधारण २० हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, नद्या तेव्हा आणखी पुढे पश्चिमेला जाऊन समुद्राला मिळत होत्या. बर्फ वितळलं, समुद्र वर आला आणि दऱ्यांचे खालचे भाग बुडाले. म्हणूनच तुम्हाला नदी आणि खाडी यांच्यात रेघ सापडत नाहीये, निसर्गानेच ती मारलेली नाही.

---

गोवळकोटकर

मॅडमनी शास्त्र सांगितलं ते बरोबरच आहे, मी खाडीकाठचा माणूस म्हणून नावांचं सांगतो कारण नकाशात नावं भरताना लोक इथेच चुकतात. आमच्याकडे नदीला वर एक नाव असतं आणि खाडीला तोंडाशी जे बंदर किंवा गाव असेल त्याचं नाव मिळतं. वाशिष्ठी खाली दाभोळची खाडी, सावित्री खाली बाणकोटची, शास्त्रीची जयगडची, काजळीची भाट्याची, मुचकुंदीची पूर्णगडची, तिकडे रायगडात कुंडलिकेची रेवदंड्याची आणि सिंधुदुर्गाच्या वेशीवर वाघोटणची विजयदुर्गची. का असं, तर समुद्रातून येणाऱ्या तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) वर डोंगरात नदी कुठे उगवते याच्याशी काय देणंघेणं, त्याला लांबून किल्ला दिसायचा, बंदर दिसायचं, आत वळायची जागा कळायची, तो म्हणायचा दाभोळात शिरलो. आणि देशावरून घाट उतरून येणाऱ्याला नदी भेटायची, तो नदीचंच नाव घ्यायचा. एकाच पाण्याला दोन टोकांनी दोन नावं पडली आणि दोन्ही खरी आहेत. त्यामुळे कृपा करून दाभोळ खाडी पुसून तिथे वाशिष्ठी नदी असं टाकू नका, किंवा उलटंही करू नका. मोठ्या कंपन्यांच्या नकाशांवर हे झालेलं मी पाहिलंय आणि फार वाईट वाटतं, कारण दाभोळ हे बहामनी काळापासूनचं बंदर, ती खाडी त्याच्या नावाने शेकडो वर्षं ओळखली गेली.

आता रेघ कुठे. पूर्वी गलबतं नि मचवे दाभोळातून भरतीबरोबर आत शिरून आमच्या गोवळकोटच्या बंदरापर्यंत यायचे, चिपळूणचा माल तिथूनच चढायचा उतरायचा. म्हणजे जुन्या माणसांच्या हिशेबाने जिथवर भरती तिथवर खाडी. तुम्हाला डोळ्याने ओळखायचं असेल तर काठ बघा. दाभोळकडून वर येताना दोन्ही काठांना तिवर आणि चिपी ही खारफुटीची झाडं दाट दिसतात, चिखलातून वर आलेली ती बोटं बोटं मुळं, ओहोटीला तर काठावर पाय ठेवायला जागा नसते. जसजसे वर याल तसतशी ती विरळ होत जाते, मधे मधे तुटते, मग काठावर करंज आणि बांबू दिसायला लागतात, चिखलाच्या जागी गोटे लागतात. तिवर संपली की खाडी संपत आली समजा. तरी उधाणाच्या दिवसात पाणी त्याच्याही वर चढतं, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, एवढं चढत नाही. मे महिन्यात काठाजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ लागायला लागतं आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पुरात खाडी खालपर्यंत गढूळ नि गोडी होते. म्हणजे ती रेघ वर्षभर सरकत असते, माझ्या मते तिला एका जागी खिळा मारणं बरोबर नाही.

अजून एक, एका खाडीला आतल्या भागात गावागावाप्रमाणे पोटनावं असतात. करंबवण्याचे लोक करंबवण्याची खाडी म्हणतात. तीही नोंदवता आली तर बघा.

---

ॲडव्होकेट_माहीम

अधिकृत व्याख्या आहे का असं विचारलंय म्हणून लिहिते. आहे, पण ती कायद्याच्या कामासाठी आहे, नाव ठेवण्यासाठी नाही. संयुक्त राष्ट्रांचा समुद्रविषयक करार, १९८२ चा, १९९४ साली अमलात आला आणि भारताने १९९५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याच्या दहाव्या कलमात बे कशाला म्हणायचं ते चक्क भूमितीने सांगितलंय. किनाऱ्याच्या खोबणीच्या तोंडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ मारायची, ती रेघ व्यास धरून अर्धवर्तुळ काढायचं आणि आतल्या पाण्याचं क्षेत्रफळ त्या अर्धवर्तुळाएवढं किंवा जास्त भरलं तरच तो बे. कमी भरलं तर तो नुसता किनाऱ्याचा बाक.

आमच्या माहीमचंच घ्या. वरळीचा किल्ला आणि वांद्र्याचा किल्ला यांच्यात सरळ रेघ मारली तर ती साधारण दोन किलोमीटर येते. म्हणजे त्रिज्या एक किमी, अर्धवर्तुळ साधारण १.५७ चौ. किमी. आता आतला भाग माहीमच्या किल्ल्यापर्यंत पूर्वेला दोन किलोमीटरहून जास्त आत गेलेला आहे, त्यामुळे क्षेत्रफळ आरामात त्याहून जास्त भरतं आणि माहीमचा बे या कसोटीला उतरतो. सी लिंकवरून जाताना डावी-उजवीकडे बघा, पूल बाहेरून वळसा घेतो, त्याच्या आतल्या अंगाला जे पाणी दिसतं तो बे आणि त्याच्या कोपऱ्यात मिठी नदी येऊन मिळते ती माहीमची खाडी. नकाशावेडा, तुम्ही दोन वेगळे म्हणालात ते बरोबर आहे, दोन्ही वेगळेच भरा.

मग तोंड २४ सागरी मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४४ किलोमीटरपेक्षा रुंद नसेल तर त्या रेघेच्या आतलं सगळं पाणी त्या देशाचं अंतर्गत पाणी ठरतं आणि १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र त्या रेघेच्या बाहेर मोजायला सुरुवात होते. तोंड रुंद असेल तर रेघ आत सरकवून २४ मैलांचीच मारायची. आणि मुख्य म्हणजे हा नियम एकाच देशाचा किनारा असलेल्या खोबणीलाच लागू आहे. बंगालच्या उपसागराला भारत, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका एवढे किनारे आणि तोंड हजार किलोमीटरच्या वर, त्यामुळे नावात बे असला तरी या कायद्याने तो बे नाही. इतिहासापासून एखाद्या देशाच्या ताब्यात असलेल्या ऐतिहासिक उपसागरांना मात्र ही कसोटी लावत नाहीत. पाल्कच्या उपसागराबद्दल १९०४ मध्ये मद्रास हायकोर्टाने शंख काढण्याच्या एका खटल्यात तो राज्याचाच भाग आहे असं मानलं होतं, पुढे १९७४ ला भारत आणि श्रीलंकेने त्यातून सीमारेषा आखली.

खाडी शब्द मोठा वाद कसा उभा करतो ते भारत-पाकिस्तान सीमेवरच्या, कच्छजवळच्या सर क्रीकवरून कळतं. ९६ किलोमीटरची दलदलीतली खाडी, आणि भांडण असं की सीमा पूर्व काठाने जायची की पाण्याच्या मध्यातून. दोन्ही बाजू तत्कालीन मुंबई सरकारच्या १९१४ च्या एकाच ठरावाचा आधार घेतात. भारताचं म्हणणं की भरतीला त्यात बोटी चालतात म्हणून ते जलमार्गाचं पाणी, तेव्हा सीमा मधल्या धारेने, पाकिस्तानचं म्हणणं की ते जलमार्गाचं पाणीच नाही, नकाशात हिरवी रेघ पूर्व काठाने आहे. व्याख्येवर समुद्रातलं केवढं तरी क्षेत्र अवलंबून आहे.

---

नकाशावेडा

तिघांनाही मनापासून धन्यवाद, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. वकील ताई, एक विचारायचंय, ही रेघ मारायची ती कुठल्या काठावरून, भरतीच्या की ओहोटीच्या? कारण शिवडीला ओहोटीच्या वेळी एवढा चिखल उघडा पडतो की फ्लेमिंगो चालत असतात तिथे भरतीला बोट जाऊ शकेल. उपग्रहाचं चित्र कधी घेतलंय त्यावर किनारा कुठेही येतो. आणि गोवळकोटकर दादा, पोटनावं नक्की भरणार.

---

ॲडव्होकेट_माहीम

करारात ओहोटीची रेषा. पण आपल्याकडे घर बांधायला, जेटी बांधायला परवानगी मागायला जाल तर तिथे भरतीची रेषा लागते. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या, नियमात समुद्रच नाही तर भरतीचा परिणाम होणारं सगळं पाणी धरलंय, खाडी, नदीमुख, बॅकवॉटर, लगून, सगळं. आणि नदीत हा परिणाम कुठपर्यंत धरायचा याची तिथे स्पष्ट कसोटी आहे, वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्याचा खारेपणा हजारी ५ (हजार भागांत ५ भाग क्षार) असेल तिथवर. समुद्राचं पाणी साधारण हजारी ३५ असतं. म्हणजे दादा म्हणतात तशी रेघ सरकते हे कायद्यालाही माहिती आहे, म्हणून त्याने उन्हाळ्यातली, सगळ्यात आत आलेली रेघ धरली. खाडीच्या काठाने किती पट्टा सोडायचा तेही बदललं, २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी ते होतं, २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटर किंवा रुंदी यातलं कमी. मला हा बदल अजिबात पटलेला नाही, तिवरांच्या मागे थोडी मोकळी जमीन लागतेच, उधाणाचं पाणी जाणार कुठे.

माझ्या नात्यात एकांनी खाडीकाठी प्लॉट घेतला, सातबाऱ्यावर शेजारी 'नदी' लिहिलेली, विकणारा म्हणाला नदी आहे, सीआरझेडचा संबंध नाही. बांधकामाच्या वेळी कळलं की तिथलं पाणी उन्हाळ्यात खारं असतं. कागदावर नदी लिहिलीय की खाडी याने काही फरक पडत नाही, पाणी तपासून ठरतं. जागा घेणाऱ्यांनी हे नीट बघा, मे महिन्यात जाऊन बघा.

---

चार्टवाला

मर्चंट नेव्हीत होतो, आता निवृत्त. रेषेच्या प्रश्नावर थोडी भर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे जमिनीच्या नकाशावर, उंची मोजतात ती सरासरी समुद्रसपाटीपासून, आणि नौदलाच्या हायड्रोग्राफिक ऑफिसच्या चार्टवर खोली मोजतात ती जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीपासून. का, तर जहाजाच्या कॅप्टनला सगळ्यात वाईट वेळी खाली किती पाणी असेल ते कळायला हवं. मुंबईला उधाणाच्या दिवसात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, खंभातच्या आखातात त्याच्या दुप्पट, तिथे तर चार्टची शून्य पातळी आणि टोपोशीटची शून्य पातळी यांच्यात चिखलाचा केवढा तरी पट्टा येतो. दोन्ही नकाशे डेहराडूनलाच तयार होतात आणि दोन्ही आपापल्या जागी अचूक आहेत. ओपनस्ट्रीटमॅपवर माझ्या माहितीप्रमाणे किनारा भरतीच्या रेषेवर काढतात, तेव्हा तुम्ही भरतीचीच धरा आणि चिखल वेगळा दाखवा, भरतीचा चिखलपट्टा म्हणून.

मोठ्या समुद्रांच्या हद्दींसाठी एक पुस्तिका आहे, आंतरराष्ट्रीय हायड्रोग्राफिक संघटनेची, समुद्र आणि महासागर यांच्या सीमा सांगणारी. पहिली आवृत्ती १९२८, तिसरी १९५३ आणि अजून तीच चालू आहे, कारण पुढची छापायला गेले की जपानचा समुद्र म्हणायचं की पूर्व समुद्र यावर जपान आणि कोरिया यांचं जुळत नाही. २०२० मध्ये संघटनेने ठरवलं की नव्या डिजिटल पद्धतीत पाण्याच्या तुकड्यांना नावांऐवजी क्रमांक द्यायचे.

त्या १९५३ च्या पुस्तिकेत आपल्या लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. अरबी समुद्र कन्याकुमारीपर्यंत जातो असं आपण धरून चालतो. पुस्तिकेप्रमाणे तो कारवारला संपतो. सदाशिवगडच्या दीपगृहापासून रेघ निघते, ती लक्षद्वीपच्या पश्चिमेने मालदीवच्या अड्डू बेटांपर्यंत जाते, आणि त्याच्या पूर्वेला लक्षद्वीपचा समुद्र. म्हणजे मंगळूर, कोची यांच्यासमोर त्या हिशेबाने अरबी समुद्र नाहीच.

---

कारवारी

सदाशिवगड आमचा! काळी नदीच्या मुखाशी, उत्तरेच्या बाजूला. तिथे उभं राहिलं की खाली नदीवरचा पूल आणि समोर समुद्र. आम्ही लहानपणापासून दोन्हीकडच्या पाण्याला समुद्रच म्हणत आलो, पण एवढा मोठा समुद्र आमच्या गडापासून बदलतो हे वाचून फार आनंद झाला. आईला वाचून दाखवलं.

---

दुबईतला_देवगडकर

आखाताचा विषय निघालाय म्हणून. इथे राहणाऱ्यांनी एक जपायचं असतं, त्या पाण्याला पर्शियन आखात म्हणायचं की अरबी आखात. संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत पर्शियन आखातच लिहितात, इराणचं तर त्यावर फारच काटेकोर लक्ष असतं, आणि इथल्या सगळ्या अरब देशांत शाळेच्या पुस्तकात, ऑफिसच्या पत्रात अरबी आखात. मराठीत आपण नुसतं आखात म्हणतो, आखाती देश म्हणतो, ते मला बरं वाटतं, त्यात कोणाला दुखावणं नाही. आता २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढून मेक्सिकोच्या आखाताला अमेरिकेचं आखात म्हणायला लावलं तेव्हा इथे कँटीनमध्ये तोच विषय होता. आदेश त्यांच्या सरकारी खात्यांना लागू, मेक्सिको आपलं जुनंच नाव चालवतं. पाणी तेच आणि सीमाही त्याच.

ठाण्याच्या खाडीवरून सांगतो, दुबईची खोर अगदी त्याच जातीची आहे. खोर म्हणजे इथल्या भाषेत खाडी. वरून एकही नदी येत नाही, समुद्राचं पाणी वाळवंटात शिरलेलं, त्याच्या काठाने जुनं शहर वसलं, लाकडी होड्या अजून इथून माल घेऊन जातात. आतल्या टोकाला रास अल खोर नावाची पाणथळ जागा आहे, तिथे फ्लेमिंगो, तीही रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी), २००७ पासून. ठाण्याची खाडी २०२२ ला रामसर यादीत आली. नदी नसलेल्या खाडीला नदीमुख म्हणू नये हे मॅडमचं म्हणणं मला इथे रोज दिसतं.

---

पणजीकार

आमच्या गोव्याचं वेगळंच आहे. मांडवी आणि झुवारी यांना समुद्राच्या तोंडापर्यंत आम्ही नदीच म्हणतो, पणजीच्या फेरीबोटीखालचं पाणी चांगलं खारं असूनही. झुवारीचं तोंड तर पाच-एक किलोमीटर रुंद आहे, तिथे उभं राहून नदी म्हणायला बाहेरचा माणूस तयार होणार नाही, तरी ती झुवारी नदी. बाहेर आग्वादचा बे आणि मुरगावचा बे, ही नावं पोर्तुगीजांपासून चार्टवर आहेत. कोकणात खाडी म्हणतील त्याला आम्ही नदी म्हणतो, गोव्यात ते 'दुरुस्त' करून खाडी टाकू नका ही विनंती, मागे एकाने तसं केलं होतं.

आमच्याकडे भरती कुठवर येते ते खाजणावरून कळतं. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठची बांध घालून काढलेली शेतजमीन. बांधाला मानस असते, लाकडी फळ्यांचं दार, भरतीचं पाणी बाहेरून ढकललं की ते आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाताना उघडतं. जिथवर मानशी आहेत तिथवर खारं पाणी येत होतं हे नक्की, कोणी उगाच मानस बांधणार नाही. जुन्या खाजणांच्या बांधांवरून भरतीची जुनी हद्द काढता येईल, आणि ती आता कुठे कुठे मोडलीय तेही दिसेल. बांध फुटले की तिवर शेतात शिरते, मग ती जमीन परत मिळवणं फार कठीण, म्हणून आमच्याकडे बांधांची निगा हा गावाचा मोठा प्रश्न आहे.

आणि मांडवी-झुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे ना, त्याला काय म्हणाल? नाव कालवा, पण तो माणसाने खणलेला नाही.

---

चार्टवाला

कुंभारजुवे आणि ठाणे-उल्हास जोड ही एकाच घरची उदाहरणं. दोन्ही टोकांनी भरती आत येते आणि मधे कुठेतरी दोन्ही पाणी भेटतं. असल्या पाण्याला भरतीचं चॅनेल हाच प्रकार द्या. नावात कालवा आहे म्हणून नकाशात कालवा हा प्रकार निवडलात तर बघणाऱ्याला वाटेल कोणीतरी खणलाय. नाव मात्र कुंभारजुवे कालवाच ठेवायचं.

---

भूगोल_शिकवते

सहमत. नावाच्या रकान्यात लोक जे म्हणतात तेच, प्रकाराच्या रकान्यात पाणी जे करतं ते. दाभोळला नाव दाभोळ खाडी, प्रकार बे आणि सोबत नदीमुख अशी खूण. ठाण्याला बे, नदीमुखाची खूण नको. खंभात, कच्छ यांना नाव आखात असलं तरी प्रकार बेच, कारण आखातासाठी वेगळा खण मुळात नाहीच. पणजीकार, तुमच्या मांडवीला नाव मांडवी नदी, प्रकार नदीच, आणि भरतीचं पाणी येतं अशी वेगळी खूण देता येते, म्हणजे नाव न बदलता खरं काय तेही नोंदवलं जाईल.

---

नकाशावेडा

हे फार छान झालं. असंच करतो. खाली दाभोळपासून सुरुवात करेन, वाशिष्ठीची नदी म्हणून रेघ वरून गोवळकोटपर्यंत आणि तिथून खाली खाडी, आणि टीप लिहीन की ही हद्द भरती पोचते त्या जुन्या बंदराच्या आधाराने धरली आहे, म्हणजे पुढे कोणाला खारेपणा मोजून बदलायची असेल तर कारण कळेल. चार्टवाले काका, शिवडी आणि धरमतरच्या बाजूचा चिखल आधी वेगळा काढतो. पणजीकार, गोव्यातल्या नावांना हात लावणार नाही, खाजणांचे बांध मात्र जरूर भरायचेत, तुमची मदत लागेल, कुठल्या गावांपासून सुरू करू?

---

पणजीकार

दिवाडी आणि चोडण. दोन्ही मांडवीतली बेटं आहेत, बांध उपग्रहाच्या चित्रात स्पष्ट दिसतात. मानशी मी जाऊन बघून सांगतो, त्या चित्रात कळत नाहीत.

---

गोवळकोटकर

गोवळकोटची हद्द धरलीत ते चांगलं केलंत. दाभोळ-धोपावे फेरीबोटीची रेघही एकदा तपासा, आणि वर गेलात की तोच प्रकार जयगडला आणि बाणकोटला करा, तिथेही काठावरची माणसं विचारून घ्या, तरीवरचे आणि होडीवाले सगळ्यात नीट सांगतात. माझ्या ओळखीतले जयगड बाजूला आहेत, गावांची पोटनावं त्यांच्याकडून लिहून आणतो आणि इथेच टाकतो.